सहा नंबरची आग

आर्णीला दिग्रस रोडवर एक दुमजली इमारत आहे. खाली वाहिद मिस्त्रीचं वेल्डिंगचं दुकान, वर खेमसिंग आडे सरांचा इंग्रजीचा क्लास आणि भिंतीला भिंत लावून एका शेठचं कापसाचं गोदाम. वेल्डिंगच्या शेजारी कापूस ठेवू नये हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. पण जागा भाड्याने घेताना आपल्याकडे लोक नळाला पाणी येतं का, एवढंच विचारतात. एकोणीस वर्षं तिथं काही पेटलं नव्हतं, तेव्हा आपलं सगळं बरोबरच आहे असं तिघेही धरून चालले होते.

पेटायचं ते वर, क्लासात. रोज सकाळी साडेसहाला.

"सहा नंबर!" सर डस्टर टेबलावर आपटून ओरडायचे, आणि सगळी बॅच एका सुरात म्हणायची, "वाहिद वॉज वेल्डिंग व्हेन द कॉटन कॉट फायर!" तीनदा. म्हणजे वाहिद वेल्डिंग करत होता आणि तेवढ्यात कापसाने पेट घेतला. खाली वाहिदभाई दुकान झाडत असले तर झाडू थांबवून वर बघायचे आणि समाधानाने मान हलवायचे. आपलं नाव रोज सकाळी तीनदा इंग्रजीत घेतलं जातं, हे भाग्य आर्णीतल्या आमदाराच्याही वाट्याला आलेलं नाही, असं ते गिऱ्हाइकांना सांगत.

इंग्रजीत काळ बारा. आडे सरांनी बाराही काळ एकाच आगीवर बसवले होते. कापूस पेटतो, कापूस पेटत आहे, कापूस पेटला आहे, असं करत करत बाराव्या नंबरपर्यंत गोदामाची पार राख व्हायची. काळांची ती लांबलचक नावं सर कधी घ्यायचे नाहीत. ते फक्त नंबर घ्यायचे. नंबर ऐकला की वाक्य बाहेर आलं पाहिजे, मध्ये विचाराला जागा नाही. विचार केला की पोरं चुकतात, हा त्यांचा अनुभव होता.

आता आगच का? तर त्याला कारण आहे, आणि ते सरांनी मानीबाईशिवाय कोणालाच सांगितलेलं नव्हतं. मानीबाई म्हणजे त्यांची बायको. तिने ते सगळ्या तांड्याला सांगितलं, म्हणून आपल्याला माहीत.

खेमसिंग तांड्यावरचा मुलगा. घरी गोर बोली, म्हणजे बंजाऱ्यांची. शाळेत गेल्यावर गुरुजी मराठी बोलायला लागले तेव्हा तो पहिला महिनाभर नुसता त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. पुढे पाचवीत इंग्रजी आली. वर्गातली बाकीची पोरं घाबरली, हा घाबरला नाही. दोन्ही भाषा आपल्याला परक्याच आहेत, तर मग त्यातली मोठीच का धरू नये, असा त्याने सरळ हिशेब लावला. बी.ए. झाला, बी.एड. झाला आणि यवतमाळच्या एका शाळेत मुलाखतीला निघाला. वाटेत काळीपिवळी जीपच्या बॉनेटमधून धूर निघाला, मग जाळ. प्रवासी उड्या टाकून उतरले. खेमसिंग चार किलोमीटर पायी चालत, घामाने निथळत, पाऊण तास उशिरा पोचला. समोर तीन जण बसलेले. उशीर का झाला, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"सर," खेमसिंग म्हणाला, "माय जीप इज कॅचिंग फायर."

तिघेही ताडकन उठले आणि खिडकीशी गेले. अध्यक्षांनी शिपायाला हाक मारली, शिपाई बादली घेऊन फाटकापर्यंत धावत गेला. फाटकाबाहेर एक सायकल आणि दोन बकऱ्या होत्या. मग कुणीतरी विचारलं की जीप कधी पेटली. "सकाळी आठ वाजता," खेमसिंग मराठीत म्हणाला. त्यावर ते तिघे जे हसायला लागले ते थांबेचनात. एकाला चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

नोकरी हुकल्याचं दुःख वर्षभरात ओसरलं. पण रिकाम्या फाटकाशी पाण्याने भरलेली बादली घेऊन उभा असलेला तो शिपाई काही खेमसिंगच्या डोळ्यांसमोरून हलला नाही. आपल्या हाताखालचं एकही पोर आगीबद्दल बोलताना चुकणार नाही, अशी शपथ घेऊन त्याने आर्णीला क्लास काढला. माणसं असल्या कारणांसाठी आयुष्यं काढतात आणि आपण त्याला ध्येय म्हणतो.

क्लास चालला, चांगला चालला. तांड्या-तांड्यांवरून पोरं यायला लागली. पोलीस भरती, तलाठी, बँक, जिथं जिथं इंग्रजीचे चार प्रश्न येतात तिथली सगळी पोरं सरांकडे. सर दरवर्षी जुन्या प्रश्नपत्रिका चाळून कोणता नंबर किती वेळा आला ते बघत. सहा नंबर हमखास यायचा. सात नंबर मात्र कधी फिरकायचा नाही. सात नंबर असा होता: "द कॉटन हॅड कॉट फायर बिफोर वाहिद केम." वाहिद येण्याआधीच कापसाने पेट घेतला होता. वाक्य लांब, जिभेला जड आणि परीक्षेच्या उपयोगाचं नाही. पाच वर्षांपूर्वी सरांनी तो ऑप्शनला टाकला. बारा नंबरांचे अकरा झाले, पोरांना तेवढंच हलकं वाटलं. वाहिदभाईंनी मात्र आठवडाभरात विचारलं, "काहून सर, सकायी माहं नाव तीन डाव कमी आयकू येते?"

असे दोघांचे संबंध. भांडण कधी नाही, मात्र थट्टा रोजची. "तुमी माह्या नावानं रोज आग लावता," वाहिदभाई म्हणायचे, "एक दिवस खरंच लागन." सर म्हणायचे, "लागली तं निदान इंग्रजीत सांगता येईन तुमाले." वाहिदभाई शाळेत कधी गेलेच नव्हते. पण एकोणीस वर्षं रोज सकाळी कानावर पडून सहा नंबर त्यांना तोंडपाठ झाला होता. लोखंड आणायला अमरावतीला गेले की दुकानदाराला ऐकवून यायचे.

मग गेल्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी, ती खरंच लागली.

त्या सकाळी बॅचला चौदा जण होते. सर फळ्याशी होते आणि वाहिदभाई वर क्लासातच होते, शेवटच्या बाकाशी गुडघ्यावर बसलेले. त्या बाकाचा पाय महिनाभर डुगडुगत होता. दुकान उघडायच्या आधी पाना घेऊन नटबोल्ट आवळून देतो म्हणून ते वर आले होते. शेवटच्या बाकावर निकिता बसायची, बँकेच्या परीक्षेची तयारी करणारी, बॅचमधली सगळ्यात हुशार मुलगी. ती पाय बाजूला सरकवून बसली होती आणि वाहिदभाई खाली बोल्ट आवळत होते. तिला आधी वास आला. मग खिडकीतून धूर आला. वाहिदभाईंनी पाना टाकला, खिडकीतून वाकून बघितलं आणि जिन्याकडे धावले.

गोदामाच्या शटरला बाहेरून कुलूप होतं. शेठ पुसदला लग्नाला गेलेले, किल्ली त्यांच्या खिशात. शटरला हात लावला तर चटका बसत होता. वाहिदभाईंनी आपलं दुकान उघडून गॅस-कटर ओढत आणला, कुलूप कापलं, शटर वर केलं. पोरांनी बादल्या, हंडे, हाताला येईल ते लावलं. बंब येईपर्यंत अर्धा कापूस रस्त्यावर ओढून काढला होता. सरांच्या सदऱ्याची बाही जळाली, वाहिदभाईंच्या मिशा गेल्या. गोदामाच्या आतला विजेचा बोर्ड वितळून लोंबत होता. तो दिवस सगळ्यांनी मिळून मिरवला. चहावाल्याने पैसे घेतले नाहीत.

गुरुवारी विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. हैदराबादचा, वयस्कर, शांत माणूस, खांद्याला पिशवी. त्याने गोदाम बघितलं, बोर्ड बघितला, मग कापलेलं कुलूप उचलून बराच वेळ हातात फिरवलं. कापसाच्या गोदामाच्या दारात गॅस-कटरची खूण दिसली तर त्याच्या मनात काय आलं असेल ते सांगायला नको. आधी कापूस पेटला आणि मग कटर आला, की आधी कटर आला आणि मग कापूस पेटला, एवढंच त्याला ठरवायचं होतं. पहिलं खरं असेल तर वाहिद मिस्त्रीचे आभार. दुसरं खरं असेल तर त्याच्यावर पोलीस केस, दुकानाला टाळं. शेठ लग्नाहून परतले होते. आपल्या वायरिंगपेक्षा दुसऱ्याची ठिणगी त्यांना जास्त सोयीची होती, म्हणून ते काही न बोलता चहा पाजत होते.

"ज्यांनी बघितलं त्यांनी दोन-दोन ओळी लिहून द्या," सर्व्हेअर हिंदीत म्हणाला. "हिंदीत लिहा, मराठीत लिहा, मी वाचून घेईन."

इथं गप्प बसायला हवं होतं. पण आडे सरांच्या आत बावीस वर्षांपूर्वीचा तो शिपाई बादली घेऊन उभा राहिला. बाहेरचा माणूस, हैदराबादचा, आपल्या पोरांकडून हिंदी मागतो?

"माय स्टुडंट्स विल राइट इन इंग्लिश," सर म्हणाले.

सर्व्हेअरने भुवया वर केल्या आणि कागद काढून दिले. कसं लिहायचं ते पोरांना कळावं म्हणून पहिला कागद सरांनी स्वतः लिहिला. उभ्याउभ्या, सुवाच्य तिरप्या अक्षरात, एका दमात. पोरांनी तो बघितला. बघायची तशी गरज नव्हती. आगीबद्दल लिहायचं आहे, भूतकाळातलं लिहायचं आहे आणि वाहिद त्यात आहे म्हटल्यावर चौदा पेनं आपोआप चालायला लागली. पाच मिनिटांत पंधरा कागद तयार झाले. एकातही चूक नव्हती. सर्व्हेअर ते वाचत गेला तसा त्याचा चेहरा गंभीर होत गेला, आणि सरांना वाटलं, पडली छाप.

संध्याकाळी सर घरी आले ते छाती काढून. मानीबाई भाकरी थापत होती. सरांनी तिला सगळं रंगवून सांगितलं. पंधरा जबाब, सगळे इंग्रजीत, एकही चूक नाही, सायब गारच पडला.

त्यांचं घरातलं बोलणं गोर बोलीतलं. ते तसंच दिलं तर निम्मे वाचक खेमसिंगच्या पहिल्या महिन्यासारखे तोंडाकडे बघत बसतील, म्हणून इथल्या बोलीत सांगतो.

"चांगलं झालं," मानीबाई म्हणाली. "पन लेहलं काय तुमी?"

"सहा नंबर."

"मले काय समजते तुमचा सहा नंबर? त्याचा अर्थ काय होते?"

एकोणीस वर्षांत हे सरांना कोणी विचारलं नव्हतं. पोरं नंबर विचारायची, उत्तर विचारायची, मार्क विचारायची. सरांनी तोंड उघडलं, "वाहिद वेल्डिंग करून राह्यला होता, तेवढ्यात कापसानं..." आणि ते तिथंच थांबले.

मानीबाईने भाकरी तव्यावर टाकली आणि वळून बघितलं. "वाहिदभाई कुठं वेल्डिंग करून राह्यले होते? ते तं तुमच्या वर्गात बाक दुरुस्त करत होते म्हने. तुमीच सांगतलं न मंगळवारी."

सरांचे कान गरम झाले. आपण आपल्या डोळ्यांनी बघितलेला माणूस, आपल्या समोर गुडघ्यावर बसलेला माणूस, आपणच उचलून खाली दुकानात नेला आणि वेल्डिंगला बसवला. का, तर वाक्य बरोबर होतं म्हणून. त्यांना लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग भीती वाटली. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा दोघंही एकदम दचकले.

शुक्रवारी सकाळी क्लासला सुट्टी देऊन सर विश्रामगृहावर गेले. एकोणीस वर्षांतली पहिली सुट्टी. सर्व्हेअर व्हरांड्यात खुर्ची टाकून अहवाल लिहीत होता. त्याने सरांना बसवलं आणि ते तोंड उघडायच्या आत स्वतःच बोलायला लागला. नोकरीत त्याने शेकड्यांनी जबाब घेतले होते. साक्षीदार म्हटला की एक पूर्व सांगतो, दुसरा पश्चिम. पण इतकं निर्दोष इंग्रजी आणि इतका एकमुखी जबाब त्याने कुठं बघितला नव्हता. "हैदराबाद में भी ऐसी इंग्लिश नहीं मिलती, मास्टरजी."

हेच वाक्य ऐकण्यासाठी आडे सर बावीस वर्षं थांबले होते. बाहेरच्या माणसाकडून, न मागता, मनापासून. आणि आता आपल्याला ते परत करायचं आहे, हे त्यांना कळत होतं.

"साहेब, तो जबाब खोटा आहे," ते म्हणाले.

सर्व्हेअरने पेन खाली ठेवलं. "कोणता?"

"सगळेच. वाहिदभाई तेव्हा माझ्या वर्गात होते. धूर आधी आला. कटर मागून आला."

"मग पंधरा जणांनी उलट का लिहिलं? कोणी दबाव आणला?"

"नाही."

"शेठनी सांगितलं?"

"नाही. आम्हाला तेवढंच येतं."

सर्व्हेअरला हे काही पटलं नाही. पंधरा माणसं दबावाखाली खोटं बोलतात, लालचीने बोलतात, हे त्याने बघितलं होतं. पंधरा माणसं शुद्धलेखनासाठी खोटं बोलतात, हे त्याला कोणत्याही प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. त्याने पिशवीतून आणखी एक कागद काढला. तो त्याच्या स्वतःच्या अक्षरातला होता. गुरुवारी परत जाताना तो वाहिद मिस्त्रीला भेटला होता आणि काय झालं ते त्याला विचारलं होतं.

"हे त्याने स्वतः सांगितलं," सर्व्हेअर म्हणाला. "छातीवर हात ठेवून. इंग्रजीत. मी दोनदा विचारलं, दोनदा तेच सांगितलं आणि हसला. अंगठा पण दिलाय."

सरांनी कागद वाचला. वाहिद वॉज वेल्डिंग व्हेन द कॉटन कॉट फायर. खाली निळा अंगठा होता. हैदराबादचा साहेब आला आहे, आपल्यालाही इंग्रजी येतं हे त्याला दिसू दे, म्हणून त्या भल्या माणसाने आपल्याकडची एकुलती एक गोष्ट काढून दिली होती.

सरांनी कागद उलटा ठेवला. "साहेब," ते म्हणाले, "उद्या साडेसहाला क्लासला या. पोरांना आगीचं काहीही विचारा. इंग्रजीत."

सर्व्हेअर आला. मागच्या बाकावर बसला, जो आता डुगडुगत नव्हता. त्याने सोपंच विचारलं, हळूहळू, शब्द सुटे करून. धूर कोणत्या रंगाचा होता? चौदा जण सरांकडे बघायला लागले. नंबर काय, असं त्यांच्या डोळ्यांत होतं. सर खिडकीबाहेर बघत होते. एक पोरगा उठला आणि पाच नंबरचं वाक्य म्हणाला. दुसऱ्याने तीन नंबरचं म्हटलं. शेवटी निकिता उठली. तिचं तोंड लाल झालं होतं. तिने सुरुवात केली, "वाहिद वॉज..." आणि थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चूक कुठं आहे हे तिला कळलं होतं, पण ती दुरुस्त करायला तिच्याजवळ दुसरं वाक्यच नव्हतं.

"निकिता," सर म्हणाले. त्यांचा आवाज कधी नव्हे इतका हलका झाला होता. "आपल्या बोलीत सांग."

"वर्गात, सर?" वर्गात मराठी बोललं की सर बाहेर उभं करायचे.

"वर्गात. सांग."

मग निकिता बोलायला लागली, आणि थांबेचना. "धूर पह्यले पांढरा होता सायब, मंग काया झाला. मले आंदी वास आला, जसा वायर जळते तसा. वाहिदचाचा माह्या पायाजवय बसून बोल्ट आवयत होते. मी म्हनलं चाचा वास येऊन राह्यला. त्यायनं पाना टाकला, तो माह्याच पायाच्या अंगठ्यावर पडला, हे पाहा, नख काळं झालं अजून. ते धावले, आमी मांगं धावलो. शटर तापलं होतं, हात लावू देत नोतं. तवा त्यायनं दुकान उघडलं, मंग कटर आनला. कुलूप कापलं तं आतून जाळाचा भपकाराच आला न, चाचाच्या मिशाच गेल्या. त्यायनं काय स्वतःच्या मिशा जाळाले आग लावली काय?"

सगळे हसले. सर्व्हेअरही हसला, म्हणजे त्याला सगळं समजलं होतं. तो उठून निकिताजवळ गेला, वाकून तिच्या अंगठ्याचं काळं नख बघितलं, वहीत काहीतरी टिपलं. मग बाकाखाली वाकून पायाचे आवळलेले बोल्ट बघितले.

जुने जबाब रद्द करायला कारण लागतं. कारणाच्या रकान्यात काय लिहू, असं सर्व्हेअरने सरांना विचारलं. सरांनी कागद मागून घेतला आणि स्वतः लिहिलं, मराठीत: सदर विद्यार्थ्यांना इंग्रजी येत नाही. त्यांना फक्त अकरा वाक्ये पाठ आहेत. खाली सही केली. पेन परत करता करता थांबले, पुन्हा कागद ओढला आणि सहीच्या वर आणखी एक ओळ घातली: शिकवणाऱ्यासही ही गोष्ट उशिरा कळली.

वाहिदभाई सुटले. अहवालात आग बोर्डातून लागली असं आलं. शेठने महिनाभर सरांना राम राम केला नाही.

सरांची ती ओळ मात्र गावभर फिरली. अहवालाचा कागद गुप्त असतो म्हणतात. पण तो विश्रामगृहावरून झेरॉक्सच्या दुकानात गेला होता आणि झेरॉक्सवाला सरांचा जुना विद्यार्थी होता. आडे सरांनी स्वतः लिहून दिलं की पोरांना इंग्रजी येत नाही. आईबापांनी तेवढंच ऐकलं. चौदाची बॅच मार्चमध्ये सहावर आली. दिग्रसला एकाने नवा क्लास काढला आणि बोर्डावर लिहिलं, सोळा वाक्यांत संपूर्ण इंग्रजी. तिथं गर्दी झाली. सरांना वाईट वाटलं, खूप वाटलं. रात्रंदिवस ज्यासाठी घसा कोरडा केला ते आपल्याच अक्षरात नाही म्हणून लिहून द्यावं लागलं, हे काही सहज गिळता येण्यासारखं नव्हतं. मानीबाई म्हणाली, उरलेले सहा तरी शिकतील. त्यावर ते रागाने जेवण सोडून उठले आणि पाच मिनिटांनी परत येऊन जेवले.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी सरांनी फळा पुसला. सहा नंबर पुसला आणि ऑप्शनला टाकलेला सात नंबर पाच वर्षांनी पुन्हा लिहायला घेतला. "द कॉटन हॅड कॉट फायर बिफोर..." इथपर्यंत लिहून ते थांबले. मग वाहिदच्या जागी त्यांनी 'रूपसिंग' लिहिलं. रूपसिंग हे त्यांच्या वडिलांचं नाव. आता कोणावर आळ घ्यायचाच असेल तर तो घरातल्या माणसावर असावा, असा त्यांनी विचार केला.

जिन्यात पावलं वाजली. वाहिदभाई वर आले, हातात पाना, ओठावर नव्या मिशांची कोवळी रेघ. त्यांनी फळ्याकडे बघितलं. वाचता येत नव्हतं, पण आपल्या नावाचा आकार त्यांना ओळखू यायचा.

"सर, हे कोन?"

"रूपसिंग."

"काहून? माहं नाव कायले काढलं?"

"वाहिदभाई, त्या नावानं तुमचं दुकान जाऊन राह्यलं होतं."

"गेलं काय मंग?" वाहिदभाई शेवटच्या बाकावर बसले. त्यांना खरंच लागलं होतं. "एकोनीस वर्सं नाव घेतलं, आन् आता घराच्या मानसाचं घालता. माहं नाव राहू द्या. फक्त खरं ते लेहा."

सरांनी रूपसिंग पुसलं, वाहिद लिहिलं. सहा पोरांकडे वळले. डस्टर उचलला. "सात नंबर!"

पोरांनी म्हटलं. एका सुरात, ठणठणीत, एकही चूक नाही. वाहिद येण्याआधीच कापसाने पेट घेतला होता. दुसऱ्यांदा म्हणायला पोरांनी श्वास घेतला, आणि सरांनी डस्टर खाली ठेवला. तेच सूर, तेच चेहरे. उद्या साहेब आला तर ही सहा जणं हेच वाक्य लिहून देतील, मग वाहिद येण्याआधी पेटलेलं असो की नंतर.

"थांबा," ते म्हणाले. "पाठ नको. मला सांगा, आग लागली तेव्हा वाहिदभाई कुठं होते?"

यात नंबर नव्हता. एकाने फळ्याकडे बघितलं, फळ्यावर ते लिहिलेलं नव्हतं. दुसरा हळूच म्हणाला, "बिफोर, सर?" सरांनी नकारार्थी मान हलवली आणि वाट बघत राहिले.

शेवटी मागच्या बाकावरूनच आवाज आला. वाहिदभाई हसत होते, पण पुरते हसत नव्हते.

"इथंच होतो न सर मी," ते म्हणाले. "तुमच्या समोर."